वाटेतलं सामान

गाडीच्या मीटरवर ती पिवळी लाइट लागली की माझी लेक म्हणते, "आई, पाणबुडी आली." ते चित्र इंजिनाचं आहे हे तिला सांगून झालंय. पण एकदा त्यात पाणबुडी दिसली की इंजिन काही केल्या दिसत नाही. आता मलाही दिसत नाही. यंदा एप्रिलात ही पाणबुडी आमच्याकडे चांगली महिनाभर मुक्कामाला होती, आणि ती आली क्लच प्लेट बदलल्यावर.

गाडी नऊ वर्षांची, पेट्रोलवर चालणारी. गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून कणकवलीला आमच्या वर्षातून तीन-चार खेपा होतात. फेब्रुवारीत परत येताना चढाला इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी काही त्या मानानं पुढं सरकायची नाही. क्लच घसरतोय, एवढं कळायला मेकॅनिक असावं लागत नाही. गाडी नेहमीच्या गॅरेजला दिली, दोन दिवसांनी आणली. क्लच कसा मक्खन झाला होता. पण गाडीला पिकअप म्हणून नव्हता, आणि कावळा नाका यायच्या आतच पाणबुडी वर आली.

फोन केला. "अहो मॅडम, काम झाल्यावर येते कधी कधी लाइट. उद्या आणा, घालवून देतो."

घालवून देतो. या शब्दापाशी मी थांबले. सोळा वर्षं मी एका सहकारी बँकेच्या अकाउंट्समध्ये काढली आहेत. आमच्याकडे चुकीची नोंद घालवत नाहीत. हातानं खतावण्या लिहायच्या काळात जुन्या मंडळींनी शिकवलेलं, की आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, तीही अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा, शेजारी सही. व्हाइटनर लावलेलं पान दिसलं की ऑडिटर चष्मा काढून पुसायचा. आता संगणकावरही तेच: चुकीची नोंद पुसत नाही, तिची उलट नोंद टाकतो. त्यामुळे काय चुकलं होतं ते न बघताच घालवायचं, हे मला पचेना.

शिवाय माझ्याकडे गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड मोबाइलवर वाचून दाखवणारी डबी होती. काडेपेटीएवढी, ब्लूटूथवर चालणारी, सहाशे रुपयांना ऑनलाइन मागवलेली. कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सनं ईएलएम327 नावाची चिप काढली, तिच्या नकलांवर असल्या डब्या जगभर विकल्या जातात. स्टिअरिंगच्या खाली, पाय ठेवतो तिथं वाकून बघितलं तर सोळा छिद्रांचं एक सॉकेट असतं, त्यात ती बसते. सोळाव्या छिद्रात बॅटरीचा करंट कायम असतो, किल्ली काढली तरी. डबी तशीच लावून आठवडाभर गावाला गेलात तर आल्यावर बॅटरी उतरलेली, गाडीला धक्का द्यायची तयारी ठेवा. हे मी अनुभवानं सांगते.

मोबाइलवर दोन कोड आले. पी0102 आणि पी0113.

कोड कसा वाचायचा हे बँकवाल्यांना पटकन समजेल, कारण तो आयएफएससीसारखाच रचलेला आहे. तिथं पहिली चार अक्षरं बँकेची, मग एक शून्य, मग सहा जागा शाखेच्या. इथं पहिलं अक्षर पी, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचं खातं. पुढं शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना सारखा. एक असेल तर सहसा त्या कंपनीचा घरगुती. त्यापुढचा आकडा विभाग सांगतो: एक आणि दोन हवा-इंधनाचे, तीन ठिणगीचा म्हणजे मिसिंगचा, चार धुराच्या बंदोबस्ताचा. शेवटचे दोन म्हणजे नेमकी तक्रार. माझ्या दोन्ही तक्रारी हवेच्या विभागातल्या निघाल्या. आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरकडून काही येत नाही, आणि हवेचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचं व्होल्टेज भलतंच वर गेलंय.

मग चालू आकडे बघितले. आत येणाऱ्या हवेचं तापमान: उणे चाळीस.

एप्रिलातलं कोल्हापूर, संध्याकाळचे सात, आणि उणे चाळीस. रंकाळ्यावर घसरगुंडी खेळता आली असती. पण हा आकडा वेडा नाही. तापमानाच्या या सेन्सरमध्ये जो तुकडा असतो त्याचा विजेला होणारा रोध थंडीत वाढतो, उन्हात कमी होतो. तारच सुटली तर रोध अनंत. संगणकाला वाटतं, बाहेर भयंकर गारठा पडलाय, आणि त्याच्या तक्त्यातला सगळ्यात खालचा आकडा तो दाखवतो. म्हणजे उणे चाळीस दिसलं की थंडी शोधायची नाही, सुटलेली तार शोधायची. आणि दोन सेन्सर एकाच वेळी गेले असं वाटलं, की दोघांत सामाईक काय आहे ते बघायचं. माझ्या गाडीत हे दोन्ही सेन्सर एकाच कवचात बसतात आणि दोघांना मिळून एकच कपलर, म्हणजे तारा जोडायचा प्लग, आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडलं. एअर फिल्टरच्या डब्यामागं तो कपलर लोंबत होता, पाच पिनांचा, करडा. लावला. कट् असा आवाज आला. तो आवाज मला पुढं आठवडाभर ऐकू येत होता, इतकी मी स्वतःवर खूश होते. कोड पुसले, हो, मीही पुसलेच, आणि ऑफिसात जाऊन तीन जणांना ही कथा ऐकवली.

चौथ्या दिवशी पाणबुडी परत वर आली. कोड एकच. पी0171.

हा कोड म्हणतो, मिश्रण पातळ आहे. हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. वाचून डोकं भणभणलं, कारण गाडी आता छान चालत होती. सिग्नलला किंचित थरथरायची, एवढंच. या वेळी मी शहाणपणा न करता गाडी गॅरेजला नेली. पोरानं मोठा स्कॅनर लावला, कोड बघितला, "ऑक्सिजन सेन्सर गेला" म्हणाला. म्हणजे धुरात उरलेला ऑक्सिजन मोजून मिश्रणाची खबर देणारा. साडेचार हजार. सेन्सर बदलला, कोड पुसला, लाइट गेली. जुना सेन्सर मी मागून घेतला. बदललेला पार्ट मागून घ्यायची सवय वडिलांची.

पाचव्या दिवशी लाइट हजर.

मधले दिवस का सुधारल्यासारखे वाटले, ते मला नंतर कळलं. असल्या बहुतेक तक्रारींना संगणक एकदाच ऐकून लाइट लावत नाही. पहिल्या फेरीत, म्हणजे गाडी चालू करून बंद करेपर्यंत, दोष दिसला तर तो मनात नोंदवून ठेवतो. पुढच्या फेरीत पुन्हा दिसला तरच लाइट. त्यातही इंजिन तापलेलं हवं, ठरावीक तऱ्हेनं चाललेलं हवं. म्हणजे कोड पुसला की दोष तसाच असला तरी दोन-तीन दिवस सगळं शांत. या शांततेच्या जिवावर किती पार्ट विकले जात असतील कोण जाणे. मेकॅनिक फसवतो असं नाही; लाइट गेलेली त्यालाही दिसते, तोही खूश होतो.

आणि पुसण्यानं दुसरंही नुकसान होतं. कोड पडतो त्या क्षणाचा एक फोटोच संगणक काढून ठेवतो: इंजिनाचे मिनिटाला फेरे किती, वेग किती, इंजिनातलं पाणी किती तापलंय, पेट्रोल किती जास्तीचं देतोय. पुसलं की तोही जातो. या खेपेला मी शहाणी झाले होते. आधी तो क्षण उघडून मोबाइलवर टिपला. फेरे 780, वेग शून्य, पाणी 91 अंश. गाडी उभी होती, बहुधा सिग्नलला.

गॅरेजला पुन्हा फोन केला तर या वेळी नवीन कारण. "मॅडम, पेट्रोलच तसलं यायलंय आता. वीस टक्के इथेनॉल. सगळ्यांच्याच गाड्या कुरकुरायल्यात." आजकाल गाडीला शिंक आली तरी इथेनॉलवर जातं. पण म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनानं 14.7 भाग हवा लागते. इथेनॉल मिसळलं की त्याहून कमी हवेत भागतं, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त द्यावं लागतं. संगणक ते आपोआप देतोही. प्रश्न होता, माझ्या गाडीतली तूट या कारणानं आहे की दुसऱ्या.

इथं मला आमचा धंदा कामाला आला. दिवसअखेर हिशेब जुळला नाही आणि फरकाला नऊनं भाग गेला, तर जुना क्लार्क व्हाउचरचा गठ्ठा उलथत बसत नाही. कुणीतरी आकडे उलटसुलट लिहिलेत का ते आधी बघतो. 5,283 च्या जागी 5,823 पडले की फरक 540, आणि 540 ला नऊनं भाग जातो. चूक कुठं आहे हे फरक सांगत नाही, पण चूक कोणत्या जातीची आहे ते बऱ्याचदा सांगतो. संगणक पेट्रोलचाही असाच जमाखर्च ठेवतो, त्याला ट्रिम म्हणतात. नेहमीच्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी देतोय, ते दोन खात्यांत: एक क्षणाक्षणाला हलणारं चालू खातं, दुसरं सावकाश मुरणारं.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिन तापवून मी आकडे लिहून घेतले. आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, सावकाश खातं: अधिक 22. ॲक्सिलरेटर दाबून फेरे अडीच हजारांवर धरले: अधिक 6. सोडलं: पुन्हा 22 कडे. तीनदा केलं. शेजारच्या काकांनी गॅलरीतून "काय झालं?" विचारलं, मी "हिशेब" म्हटलं.

पेट्रोल दोषी असतं, किंवा पंप कमी पडत असता, तर फेरे वाढवून फरक असा गळून पडला नसता. पंप कमी पडत असता तर उलट वाढला असता. इथं फरक इंजिन निवांत असताना मोठा आणि पळताना छोटा. याचा अर्थ कुठंतरी बारीक भोक आहे. मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून चोरदारानं हवा आत येतेय. आयडलिंगला इंजिन मुळात थोडीशीच हवा ओढतं, त्यात चोरदाराचा वाटा मोठा पडतो. वर पळवलं की मुख्य दारानं एवढी हवा येते की तो वाटा जाणवत नाही. बिचारा ऑक्सिजन सेन्सर खरंच बोलत होता. निरोप्यालाच आम्ही घरी बसवला.

भोक कुठं, ते काही मला सापडेना. एका सहकाऱ्यानं उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींचा पत्ता दिला. साठीचे, पांढरी टोपी, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी आकड्यांचा कागद पुढं केला. त्यांनी तो हातात न घेता नुसता वाचला, कारण हात ऑइलचे होते.

"ह्याच्या आदी काय काम केलंतं गाडीचं?"

महिनाभरात हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

"क्लच प्लेट. पण त्याचा या हवेशी काय..."

"क्लचचा न्हाई. क्लचला जायच्या वाटंचा हाय." त्यांनी बॉनेट उघडलं. "गिअरबॉक्स हितं खाली. वरनं हात घालायचा तर बॅटरी काढा, ट्रे काढा, फिल्टरचा डबा काढा. वाटंतलं सामान समदं बाजूला सारावं लागतंय, ताई. कपलर निघालावता म्हंतायसा न्हवं? मग त्याच्या शेजारचं बी बगाय पायजे."

"चालू करा बरं."

मी गाडी चालू करून मोबाइल घेऊन पुढं आले. त्यांनी एक एक पाइप पकडीनं अलगद चिमटून बघितला, कान देऊन. पहिला, काही नाही. दुसरा, काही नाही. मग इंजिनाच्या झाकणावरून निघून मागं वळणाऱ्या एका जाड रबरी पाइपाच्या कोपराखाली त्यांनी बोट घातलं आणि तिथंच थांबले. "हात द्या हिकडं." त्यांनी माझं बोट धरून तिथं नेलं. वरून पाइप अगदी धड दिसत होता. खालच्या वळणाला मात्र नखाएवढी चीर होती, आणि ती माझ्या बोटाची कातडी आत ओढत होती. अगदी हळू, लहान बाळ बोट चोखतं तशी.

"आता मी दाबतो. काय सांगतंय तुमचं मशिन?"

त्यांनी चिरेवर अंगठा दाबला. थरथर थांबली. मोबाइलवर चालू खात्याचा आकडा धाडकन खाली आला: उणे 5, उणे 12, उणे 18.

"उणे अठरा!" मी घाबरून ओरडले. वाटलं, आता दुसरंच काहीतरी बिघडलं. मग उमगलं. चोरदार बंद झालं, पण सावकाश खातं अजून जुन्या सवयीनं बावीस टक्के जास्तीचं पेट्रोल ओततच होतं. ते जास्तीचं परत घ्यायला चालू खातं धावलं होतं. बँकेत असतं तर मी याला उलट नोंदच म्हटलं असतं.

मामांनी अंगठा काढला. आकडा वर चढला. पुन्हा दाबला, खाली. चार-पाच वेळा आम्ही तो खेळ केला. त्यांनाही मजा वाटत होती बहुतेक.

पाइप तीनशे दहा रुपयांचा. नऊ वर्षांत रबर कडक झालेलं, कुणीतरी ते वाटेतून बाजूला वाकवलं आणि खाली, जिथं नजर पोचत नाही तिथं, ते चिरलं. ज्यानं वाकवलं त्याला कळलंही नसेल. त्याच्या डोक्यात क्लच होता, आणि क्लच त्यानं उत्तमच बसवला. हे मी त्याला वाचवायला लिहीत नाहीये. कपलर सुटा ठेवून गाडी देणं ही हलगर्जीच आहे. पण पाइपाचं तसं नाही. घरी प्लंबर नळ बदलायला येतो आणि आठवड्यानं सिंकखालच्या डब्यातली डाळ भिजलेली सापडते, तशातली ती गोष्ट.

मधल्या काळात पीयूसीची मुदत संपली होती. पिवळी लाइट पेटलेल्या गाडीनं मी केंद्रावर गेले, त्यानं सायलेन्सरात नळी घातली, नंबर प्लेटचा फोटो काढला, कागद दिला. मीटरकडं त्यानं बघितलंही नाही. याचं मला हसू येतं, कारण ही लाइट मुळात जन्मली ती धुरासाठी. 1980च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियानं गाड्यांना स्वतःची तपासणी स्वतः करायला लावली, 1996 पासून सगळ्या अमेरिकेत ते एकसारखं झालं. म्हणून तर गाडी झकास पळत असतानाही ती लागते. तिला माझ्या पिकअपचं नाही, मागून काय बाहेर पडतंय त्याचं पडलेलं असतं. आपल्याकडे 2010 साली धुराचे बीएस-4 नियम आले ते आधी तेरा शहरांत, आणि त्यांत मुंबई-पुण्याच्या जोडीला सोलापूर होतं. माझं माहेर. कोल्हापूर नव्हतं. हे मी सासरी अधूनमधून ऐकवते.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. त्यानं तिथल्या तपासणीच्या आदल्या दिवशी नवी बॅटरी बसवली, तर केंद्रानं गाडी परत पाठवली: बॅटरी काढल्यानं संगणकाच्या चाचण्या कोऱ्या झाल्यात, आधी आठवडाभर चालवा. तिथं आता काही कोड असे असतात की ते स्कॅनरनं पुसताच येत नाहीत. गाडीनं स्वतः तपासून खात्री केली की मगच जातात. आमचा जुना ऑडिटर तिथं रमला असता.

एक मात्र सगळ्यांना सांगते. ही लाइट नुसती पेटलेली असेल तर घाई नाही, सावकाश घरी या. उघडझाप करत असेल तर इंजिन जोरात मिसिंग मारतंय, न जळलेलं पेट्रोल थेट धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजतंय. वेग कमी करून गाडी बाजूला घ्या. आणि ऑइलच्या बुधल्याची लाल लाइट लागली तर तिथंच इंजिन बंद करा, पुढचं गॅरेज बघत बसू नका.

पाइप बसवून झाल्यावर मामांनी हात पुसले. "लाइट घालवू काय?"

"नको," मी म्हटलं, "आपली आपण जाते का बघू."

त्यांनी खांदे उडवले. चारशे रुपये मजुरी घेतली. सावकाश खातं दोन दिवसांत बावीसवरून पाचवर उतरलं. ते पाच इथेनॉलचे, असं मी धरून चालले आहे. लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की लाइट विझते, तशी ती चौथ्या दिवशी सकाळी विझली. किल्ली फिरवल्यावर सगळ्या लाइटींबरोबर क्षणभर लागली, इंजिन चालू झालं, गेली. लेक मागच्या सीटवरून म्हणाली, "बुडाली." कोड मात्र आत अजून होता. इंजिन साधारण चाळीस वेळा तापून निवेपर्यंत तो नोंदीत राहतो. मी रोज बघत होते. मेच्या शेवटी एका सोमवारी तो यादीत नव्हता.

जुना ऑक्सिजन सेन्सर ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे, फडक्यात गुंडाळलेला. मामांना दाखवला होता. त्यांनी टोक उजेडाकडं धरून बघितलं आणि परत दिला. "टाकू नगा ह्यो," ते म्हणाले, "चांगला हाय."